खंडेनवमीची गाळणी

माझ्या सासरी खंडेनवमीला देवीचा कौल लावायची एक रीत होती. शस्त्रांची पूजा झाली की चांदीच्या कचोळ्यात, म्हणजे पसरट वाटीत, देवीचा टाक ठेवायचा आणि त्यावर घरी केलेली जांभळाची वाइन ओतायची. मग घरातल्या कर्त्या पुरुषानं वाकून बघायचं. वाइनच्या तळाशी टाकावरचा देवीचा मुखवटा दिसला, तर देवी म्हणते निघा. नाही दिसला, तर म्हणते बसा घरी. कर्ता पुरुष बोलेपर्यंत दुसऱ्या कुणी कचोळ्यात डोकवायचं नाही. पूर्वी म्हणे याच कौलावर घोडी बाहेर पडत. पानिपताला निघताना देवी दिसली होती की नव्हती, ते मात्र मला या घरात कुणी कधी सांगितलं नाही.

मी लग्न होऊन आले तेव्हा मोहिमा संपल्या होत्या. संस्थान विलीन झालं होतं, फौज विलीन झाली होती, आणि माझे सासरे, आबासाहेब, रिसाल्यातून पेन्शन घेऊन घरी बसले होते. घोडा गेला तरी पाठ ताठच. कौल मात्र दरसाल लागायचाच. मोहीम नाही तर शेताचा तुकडा विकावा का, आंगणातली विहीर खोल करावी का, असलं काहीतरी विचारायचं. मी मास्तरांची मुलगी, इंटर सायन्सपर्यंत शिकलेली. मला हा सगळा पोरखेळ वाटायचा, आणि मला जे वाटतं ते माझ्या तोंडावर लगेच दिसतं. आईसाहेब, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणायच्या, “हिला काही विचारायचं कामच नाही. तोंड बघितलं की बस.”

पुढे तो पोरखेळ माझ्याच मुळावर आला.

ह्यांची नोकरी सेक्रेटरिएटात क्लार्कची. मध्य भारताची राजधानी तेव्हा हिवाळ्यात ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर. उन्हं चढू लागली की कपाटं, फायली, टाइपरायटर आणि माझा नवरा असं सगळं आगगाडीत भरून इंदूरला जायचं, ते पावसाळा सरला की परत. म्हणजे अर्धं वर्ष मी बायको आणि अर्धं वर्ष नुसतीच सून. ज्या वर्षाची ही गोष्ट, त्याच्या आदल्या वर्षी मी हट्ट धरला की पुढच्या उन्हाळ्यात मलाही न्या. ह्यांनी आबासाहेबांना विचारलं, आबासाहेबांनी देवीला. कचोळ्यावर बराच वेळ वाकून ते म्हणाले, “गढूळ आहे. दिसत नाही.” त्याच्या आदल्या वर्षीही गढूळच निघाली होती, पण तेव्हा प्रश्न विहिरीचा होता. विहीर काय, थांबू शकते.

मग पुढच्या पावसाळ्यात बातमी पक्की झाली की मध्य भारतच उरणार नाही. नवा मध्य प्रदेश होणार, राजधानी भोपाळ, आणि दिवाळीच्या सुमारास सगळं सेक्रेटरिएट कायमचं तिकडे. इंदूरहून माणूस निदान हिवाळ्याला तरी परत यायचा. भोपाळहून तो सणावाराला येणार, पाहुण्यासारखा. मला बरोबर जायचं होतं. एका खोलीत, चुलीचा धूर डोळ्यांत घेत का होईना, पण बारा महिने माझ्या नवऱ्याजवळ राहायचं होतं. यात मी काही आकाशातला चंद्र मागत होते असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

राखीच्या सुट्टीत हे घरी आले तेव्हा विषय निघाला. आईसाहेबांनी तो तिथेच मोडायला घेतला. “त्याला जायचं पडेल, नोकरी आहे. सूनबाई कशाला पाहिजे तिकडे? इथे घर कोण बघेल?”

माझा नवरा भला माणूस, पण वडिलांसमोर त्याची जीभ टाळूला चिकटायची. आबासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, “खंडेनवमीला बघू.” मग माझ्या दिशेला वळून म्हणाले, “दोन साल झाले, वाइन गढूळ येते. गाळणीच बरोबर नाही. तू सायन्स शिकलीस ना? मग तूच बघ. बाजारात काय मिळतं ते आण, पण यंदा साफ पाहिजे.”

मला हर्षच झाला. देवी वगैरे राहू द्या बाजूला. गाळणं हा माझ्या हातातला विषय होता. कॉलेजात मी हेच तर शिकले होते. आईसाहेबांनी मात्र माझ्याकडे अशी नजर टाकली की मला त्या नजरेचा अर्थ लागला नाही. मी समजले, सून जिंकेल म्हणून सासू धास्तावली.

वाइन कोठीत चिनी मातीच्या बरणीत होती. आषाढात पिकली जांभळं कुस्करून, साखर आणि धायटीची फुलं घालून, तोंडाला फडकं बांधून ठेवायची. धायटीनं ती फसफसते. फसफस बसली की वरची वाइन रबरी नळीनं हलकेच दुसऱ्या बरणीत ओढून घ्यायची आणि तळाचा गाळ टाकायचा. दरबारच्या काळात मानकऱ्यांच्या घरांना नैवेद्यापुरती अशी वाइन करायची मुभा होती. नव्या सरकारात ती किती दिवस राहील ते कुणाला ठाऊक नव्हतं. मी एक पळीभर काढून पेल्यात घेतली. रंग सुरेख, पण आरपार काही दिसेना. तोवर ती जुन्या धोतराच्या चौघडीतून गाळत. धोतरातून जांभळाची सालं अडतात, धूसरपणा कसा अडणार? मला वाटलं, दोन वर्षांचं कोडं सुटलं.

पण बाजारात जायच्या आधीच आबासाहेबांनी ट्रंकेतून एक फेटा काढून माझ्यापुढे ठेवला. त्यांच्या आजोबांचा, चंदेरीचा, दरबारात जाताना बांधायचा. कापड इतकं बारीक की हाताची रेघन् रेघ दिसावी. ते म्हणाले, “बाजारचं गाळणं लागायच्या आधी घरचं वस्त्र लागू दे. पूर्वजांचा हात लागेल.”

कापड बघून मलाही मोह झाला. एवढं बारीक विणकाम दुकानात कुठून मिळणार? फक्त ते ताठ होतं; वर्षानुवर्षांची खळ त्यात बसलेली. मी म्हटलं, “आधी धुऊन घेते.” तर आबासाहेब गरजले, “धुशील? त्यात त्यांच्या कपाळाचा घाम आहे!”

धुतला नाही. फेटा तसाच बरणीवर ताणून बांधला, पूर्वजांना नमस्कार केला आणि वाइन ओतली. खाली उतरली ती ताकासारखी. खळ सगळी सुटून वाइनमध्ये गेली होती. दोन दिवस ठेवून बघितली, तीन दिवस ठेवून बघितली, ती काही बसेना. माझ्या वर्गातल्या कुठल्याही मठ्ठ मुलीनं सांगितलं असतं की खळीचं कापड गाळायला घेऊ नये. पण ज्या घरात फेटा धुणं म्हणजे पूर्वजांचं तोंड पुसणं, तिथे रसायनशास्त्र उंबऱ्याबाहेर उभं राहतं. बरणीतला पाव हिस्सा वाया गेला. आबासाहेबांनी पेला हातात घेऊन बघितला आणि म्हणाले, “आहे तशीच आहे.” मला राग आला. आहे तशी कशी? आधी धूसर होती, आता पिठूळ झाली होती. एवढाही फरक कळू नये?

तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण रागात माणूस ऐकतो थोडं.

मग आईसाहेबांबरोबर टांग्यानं नया बाजारात गेले. त्या टांग्यातच बसून राहिल्या. सुनेच्या खटपटीला हातभार लावायचा नाही एवढं त्यांनी ठरवलंच होतं. दुकानात चिनी मातीचे पाण्याचे फिल्टर होते, वर-खाली दोन खण, वरच्या खणात पांढरी मातीची कँडल, खाली पितळी तोटी. मी विचारलं, बारीक कण अडतात का? दुकानदार म्हणाला, “बहनजी, हैजे का कीड़ा तक अटक जाता है।” मी म्हटलं, पाणी नाही, जामुनचा रस गाळायचा आहे. त्यानं माझ्याकडे बघितलं, बाहेर टांग्याकडे बघितलं. “पानी की चीज़ है, बहनजी। पानी में ही चलाइए।”

पटकीचा जंतू अडतो म्हटल्यावर जांभळाचा धुरळा काय चीज आहे, या हिशेबानं मी तो घेतलाच. पितळी तोटीला कल्हई नव्हती; आंबट वाइन पितळेला लागली की कळकणार, म्हणून तोटीतून काढायचीच नाही, खालचा खण उचलून ओतायची असं मी ठरवून ठेवलं. तशी वेळच आली नाही. वरच्या खणात तांब्याभर वाइन ओतली. कँडल आधी गुलाबी झाली, मग जांभळी झाली, मग बंद पडली. ब्रशनं घासली, पुन्हा ओतली, पुन्हा बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या खणात चमचाभर वाइन होती, आणि वरच्या तांब्याभराला शिरक्याचा वास सुटायला लागला होता.

आता बरणीत निम्मीच उरली. नवरात्र तोंडावर आलं. मी चिडचिडी झाले, भाकऱ्या करपवल्या, आईसाहेबांना दोनदा उलट बोलले. त्या एरवी गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या, पण त्या दिवसांत गप्प बसल्या. एकदाच म्हणाल्या, “गाळून गाळून काय होणार आहे, सूनबाई? सोड.” मला वाटलं, टोमणा.

कँडलनं एक गोष्ट मात्र शिकवली. बारीक गाळण्यातून एकदम घालू नये. आधी जाड, मग बारीक. जाड म्हणजे काय? फ्लॅनेल? ब्लँकेट? आठवण झाली ती नमद्याची. आबासाहेबांच्या खोगिराखाली नमदा असायचा, लोकर दाबून केलेला जाड कपडा. खोगीर तर फौजेबरोबर गेलं, पण टोपी बाजारात टोप्यांसाठी नमदा मिळायचा. तिथे एका जुन्या दुकानात न रंगवलेली, न कापलेली पांढरी शंकूसारखी टोपी मिळाली. दुकानदारानं विचारलं, “किसके लिए? सिर का नाप बताइए।” मी म्हटलं, “नाप सेर भर का।” त्याला वाटलं, ही बाई डोक्यानं गेली.

नमदा उकळत्या पाण्यात घालून घालून त्याचा मेंढीचा वास घालवला. तिवईला टांगून त्यात वाइन ओतली. पहिली धार धूसर आली, ती पुन्हा वर ओतली. हळूहळू धारेचा रंग बदलला. पेल्यात घेऊन उजेडात धरली तर पलीकडची माझी बोटं दिसली. पुसट, पण दिसली. मी एकटीच कोठीत हसले.

एवढ्यावर थांबायला हवं होतं असं कुणी म्हणेल, पण मला पुसट नको होतं. मी कॉलेजात गेले आणि आमच्या रसायनशास्त्राच्या सरांकडून गाळणकागदाचा एक गठ्ठा आणि काचेचं नरसाळं मागून आणलं. कशाला ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. कागदाची घडी घालून नरसाळ्यात बसवायची, ओली करायची आणि नमद्यातून आलेली वाइन कडेकडेनं सोडायची. थेंब, थेंब, थेंब. कागद तुंबला की बदलायचा. दिवसभर कोठीत बसून मी एवढंच करत होते. पण खाली जे जमलं ते बघून माझे डोळे भरून आले. काळसर लाल, काचेसारखं स्वच्छ. पेल्यामागे वर्तमानपत्र धरलं तर बातमी वाचता येत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तीन पेले खिडकीत ओळीनं मांडले: एक धोतराचा, एक नमद्याचा, एक कागदाचा. मागे वर्तमानपत्र उभं केलं. आबासाहेबांना बोलावलं. म्हटलं, “आबासाहेब, तुम्हीच निवडा. कुठली गाळणी ठेवायची?”

ते आले. खिडकीशी थांबून त्यांनी हात पुढे केला आणि पेल्याच्या अलीकडे, हवेतच, बोटं मिटली. मग चाचपत पेला धरला. उजेडाकडे नेला. डोळे बारीक केले. दुसरा उचलला, तिसरा उचलला.

“तिन्ही गढूळ,” ते म्हणाले.

मी म्हटलं, “शेवटचा पुन्हा बघा ना. मागची अक्षरं दिसतात की नाही?”

“अक्षरं? कसली अक्षरं?”

वर्तमानपत्र त्यांच्या नाकापुढे वीतभर होतं. मोठ्या ठळक मथळ्याचं पान मी मुद्दाम निवडलं होतं.

मग एकेक गोष्ट माझ्या डोळ्यांपुढे येऊन उभी राहिली. रोज सकाळी मला पेपर मोठ्यानं वाचायला लावायचे. म्हणायचे, “शिकलेल्या सुनेचा काही तरी उपयोग होऊ दे.” जिना उतरताना एक हात भिंतीला. तिन्हीसांजेनंतर घराबाहेर पडणं बंद. त्यांच्या डोळ्यांच्या बाहुल्यांवर राखेसारखा पडदा आला होता. तो मी रोज बघत होते आणि म्हातारपण म्हणून सोडून देत होते. दोन वर्षं वाइन गढूळ नव्हतीच. म्हणजे थोडी असेलही, पण उथळ कचोळ्यात टाक झाकेल एवढी नव्हती. आमच्या घरात सगळ्यांनी मिळून दोन वर्षं गाळणीला दोष दिला, कारण कर्त्या पुरुषाच्या आधी कचोळ्यात डोकवायचं नाही आणि त्याच्या नंतर डोकवून त्याला खोटं पाडायचं नाही.

मी सरळ स्वयंपाकघरात गेले. आईसाहेब पोळ्या लाटत होत्या. मी म्हटलं, “आबासाहेबांना दिसत नाही.”

त्यांनी लाटणं थांबवलं नाही. “हळू बोल.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“माझा नवरा आहे. मला माहीत नसेल तर कोणाला असेल?” मग त्यांनी पीठ लागलेला हात कपाळाला लावला. “रिसाल्यातला माणूस आहे, सूनबाई. ज्या दिवशी याला कोणी म्हणेल ना की तुला दिसत नाही, त्या दिवशी हा उठणार नाही अंथरुणातून. मी एकटी काय काय सांभाळू? तुला का ठेवून घेते इथे, कळलं आता? तुझ्यावर काही दुष्मनी आहे माझी?”

इतके दिवस मी त्यांना मनात काय काय म्हणत होते, आणि त्या बिचाऱ्या एका आंधळ्या होत चाललेल्या माणसाला सगळ्यांपासून लपवत बसल्या होत्या. वाईट वाटलं, पण खरं सांगते, वाईट वाटण्याच्या खाली संतापच होता. ज्याला समोरचा पेला दिसत नाही तो माणूस कचोळ्यात बघून माझं आयुष्य ठरवणार होता, आणि आता जगातली कुठलीही गाळणी त्यावर उपाय नव्हती. नमदा घ्या, कागद घ्या, गंगाजळ ओता, उत्तर एकच येणार होतं.

सेक्रेटरिएट परतलं आणि हे घरी आले. मी सगळं सांगितलं. म्हटलं, “मोतीबिंदू आहे. ऑपरेशन होतं हल्ली. तुम्ही बोला.” ह्यांचा चेहरा पांढरा पडला. “आबांना? मी सांगू?” मी म्हटलं, “मग मी सांगते.” तर हात जोडायच्या बेतात आले. “नवमी होऊन जाऊ दे.” नवमी झाल्यावर काय उरणार होतं? मी दोन दिवस ह्यांच्याशी बोलले नाही. एवढीशी बरोबर राहायची संधी, तीही अबोल्यात घालवली.

पेपर मात्र रोज वाचून दाखवत होते. आधी रागानं, भराभर. एके दिवशी भोपाळची बातमी होती, कुठल्या इमारतीत कुठलं ऑफिस बसणार याची. आबासाहेब म्हणाले, “पुन्हा वाच.” पुन्हा वाचली. “तळं फार मोठं आहे म्हणतात तिथे,” ते म्हणाले. “तू पाहिलंस?” मी म्हटलं, “मी कुठे पाहणार?” त्यांच्या चेहऱ्याकडे बघता बघता माझा राग ओसरला. मी गेले तर हे रोज सकाळी इथे बसून काय ऐकणार, असा प्रश्न मनात आला आणि तो आला याचाच मला पुन्हा राग आला. मनात म्हटलं, देवी, यांना दिसू नये हेच बरं. म्हणजे मला ठरवायला नको. आणि लगेच म्हटलं, नाही, मला जायचंच आहे.

खंडेनवमीला सकाळी तलवारी, भाला, जुनी बंदूक सगळं पुसून पाटावर मांडलं. झेंडूची माळ, हळदकुंकू. पूजा झाली. आबासाहेब अंगरखा घालून, फेटा बांधून पाटावर बसले. आईसाहेब एका बाजूला, हे दुसऱ्या बाजूला, मी समोर. चिंचेनं घासलेला टाक पुसायचा, कचोळ्यात ठेवायचा आणि वाइन ओतायची, हे काम सुनेचं. मी टाक पदरात पुसत होते तेवढ्यात आईसाहेबांनी सुरई पुढे सरकवली. “ओत, मुहूर्त चाललाय.” मी घाईनं सुरई घेतली आणि ओतली. कागदातून गाळलेली ती सगळी वाइन, एवढ्या खटपटीतून उरलेली, कचोळ्यात चमकत उभी राहिली.

आबासाहेब वाकले. आणि माझ्या लक्षात आलं की टाक माझ्या डाव्या मुठीतच आहे, पदराच्या टोकात.

तोंडाशी शब्द आले, थांबा, चुकलं; पण कर्ता पुरुष वाकला असताना बोलायचं नसतं, आणि आता टाक वरून टाकला असता तर वाइन सगळ्या पूजेवर उडाली असती. मी मूठ आवळून बसले. आईसाहेबांनी डोळे मिटून घेतले होते. हे पाटाच्या कडेकडे बघत होते. आबासाहेब वाकलेलेच. मी देवीला काही मागितलं नाही. मागायला ती कचोळ्यात होतीच कुठे?

ते सरळ झाले.

“दिसली,” ते म्हणाले. आवाज अगदी परेडवरचा. “साफ दिसली. मुखवटा, डोळे, सगळं. निघा म्हणते.” मग ह्यांच्याकडे मान वळवून म्हणाले, “सूनबाईला घेऊन जा भोपाळला. आणि आता आरतीचं ताट आणा, दोघंही जा. सूनबाई बसेल इथे.”

आईसाहेब डोळे उघडून त्यांच्याकडे बघतच राहिल्या. हे उठले, पुन्हा बसले, पुन्हा उठले. दोघं आत गेली. मी तिथेच, मूठ तशीच. मला आनंद व्हायला हवा होता, पण भीतीच वाटत होती. टाक नसलेल्या कचोळ्यात यांना देवी दिसली होती.

आबासाहेब थोडे पुढे झुकले आणि हळू आवाजात म्हणाले, “टाक ठेवला की खण्णकन वाजतो. आज वाजला नाही.”

मी आतल्या दाराकडे बघितलं.

“घाईत राहिला असेल. ठेव आता. हळूच ठेव, आत ऐकू जाईल.”

मी मूठ उघडली. टाक दोन बोटांत धरून वाइनमध्ये बुडवला आणि तळाला टेकवला, आवाज न करता. माझे डोळे वाहत होते, पुसायला हात मोकळा नव्हता.

“दिसतेय का गं?” त्यांनी विचारलं.

त्या घरात कर्त्या पुरुषानं हा प्रश्न दुसऱ्या कुणाला कधी विचारला नसेल. मी वाकून बघितलं.

“दिसतेय, आबासाहेब.”

“डोळे?”

“डोळेसुद्धा.”

त्यांनी श्वास सोडला आणि पाठ पुन्हा ताठ केली. “मग मी खोटं बोललो नाही,” ते म्हणाले.